किल्लीतला नवा सेल

खरं प्रेम आयुष्यात एकदाच येतं, ते येण्याआधी मनाला चाहूल लागते आणि सारी सृष्टी क्षणभर श्वास रोखून उभी राहते, असं विनता रामटेकेचं ठाम मत होतं. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ती या मताला चिकटून होती. प्रत्यक्षात ते आलं तेव्हा ती एका परक्या माणसाच्या गाडीत बसून, आपल्या सीटवरचं प्लास्टिक कोणी चोरलं याचा विचार करत होती.

झालं असं. डिसेंबरातला गुरुवार होता. विनताच्या बाबांची, म्हणजे लक्ष्मणरावांची, मोतीबिंदूची पट्टी त्या सकाळी निघाली होती आणि त्याच्या आनंदात ती जबलपूरच्या कमानिया गेटपाशी खोव्याची जलेबी घ्यायला आली होती. गेटजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून तिनं ती बरीच पुढं, एका शाळेच्या भिंतीलगत लावली होती.

गाडी पांढरी. लक्ष्मणरावांनी रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर घेतलेली. तिला तीन वर्षं झाली होती, पण सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक पहिल्या दिवशी होतं तसंच होतं. लक्ष्मणराव फॅक्टरीत तपासनीस होते. तयार झालेला नग हातात घ्यायचा, मापायचा, पास की नापास ते सांगायचं, आणि पास झालेला गोदामात ठेवून द्यायचा. हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर नग बदलले, लक्ष्मणराव तेच राहिले.

तर जलेबीचा गरम पुडा एका हातात सांभाळत विनतानं लांबूनच किल्लीचं बटण दाबलं. गाडी बोलली, टुक-टुक. दिवे लुकलुकले. ती दार उघडून आत बसली… आणि थबकली.

चुरचुर झालं नव्हतं.

त्यांच्या गाडीत बसलं की आधी प्लास्टिक चुरचुरायचं, मग माणूस टेकायचा. इथं सगळं गप्प होतं. तिनं सीटवरून हात फिरवला. मऊ, करडं कापड. शेजारची सीट, तेच. मागची, तेच. गाडी जागेवर ठेवून फक्त प्लास्टिक नेणारा चोर जबलपुरात असू शकतो, यावर तिचा तत्काळ विश्वास बसला. ज्या घरात ती वाढली होती, त्या घरात चोरानं दुसरं काही नेण्याची कल्पनाच कोणाला सुचली नसती.

“बाप रे… आता बाबा—”

काचेवर टकटक झाली. बाहेर एक तरुण उभा होता. निळा स्वेटर, हातात तसाच जलेबीचा पुडा, आणि चेहऱ्यावर राग अजिबात नाही.

“मैडम, बैठिए, बैठिए… कोई जल्दी नहीं। लेकिन ये गाड़ी मेरी है।”

“आपकी कैसे?” विनता तडकली. “मैंने अभी बटन दबाया, तो खुली!”

“बटन तो मैंने भी दबाया।” त्यानं आपली किल्ली वर धरली. हुबेहूब तिच्यासारखी. मग त्यानं तीच किल्ली पुढं रोखली. दोन गाड्या सोडून तशीच पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या काचेतून प्लास्टिक उन्हात लखलखत होतं.

विनताला आधी आनंद झाला, लाज नंतर वाटली. “अगं बाई, आहे तिथंच आहे! प्लास्टिक आहे!”

“अरे… मराठी?”

“हो ना.”

“मग आपण काहून हिंदीत भांडून राहिलो?”

“मी कुठं भांडून राहिली? मी तर…” तिनं आजूबाजूला पाहिलं. “बसून राहिली.”

“मग बसा ना. मी काय उठवून राहिलो?”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त मिटायचा. विनताच्या छातीत टुक-टुक झालं. या वेळी बटण कोणीच दाबलं नव्हतं.

ती उतरून आपल्या गाडीपाशी गेली, ऐटीत बटण दाबलं. काहीच नाही. जवळ जाऊन दाबलं, अंगठ्यानं दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तो मागून येऊन शांतपणे पाहत होता.

“किल्लीतला बारका लाल दिवा लागून नाही राहिला, पाहा. सेल गेला.”

“मग आता शोरूमला?”

“शोरूम कशाला? घड्याळातल्यासारखा गोल सेल असतो. दहा मिनिटांचं काम. द्या, मी करून देतो.”

“नाही!” विनतानं किल्ली छातीशी धरली. “मी करीन. स्वतः.”

यामागं कारण होतं. तीन महिन्यांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा लक्ष्मणरावांनी गाडी मुलीच्या हाती दिली, पण अटीवर. गाडीचं लहानसहान काम तिला स्वतःला आलं पाहिजे, आणि गाडी एकदा जरी रस्त्यात अडून बसली, तर ती नापास. नापास म्हणजे घरांच्या मागच्या ओळीतल्या भय्यासाहेबांना विकून टाकायची. भय्यासाहेब जुने फोरमन. रोज सकाळी फिरायला आले की ते फाटकाशी थांबून गाडीकडं असं पाहायचे, जशी ती त्यांचीच असून इथं शिकायला ठेवली आहे. विनता एका केंद्रीय कार्यालयात अनुवादक होती. कोणीही न वाचणारी परिपत्रकं ती इंग्रजीतून हिंदीत आणायची, मग ती हिंदीतही कोणी वाचायचं नाही. पण रांझीहून ऑफिसपर्यंत आणि ऑफिसपासून रांझीपर्यंत ती गाडीत एकटी असायची. लग्न कधी करणार असं न विचारणारी, तिच्या ओळखीतली ती एकच जागा होती.

“ठीक,” तो म्हणाला. “तुम्हीच करा. मी फक्त सांगतो. हे पाहा, हात मागं.” आणि त्यानं शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात खरंच पाठीमागं बांधले.

शालिग्राम घडीवाल्याच्या घड्याळांच्या दुकानात ती किल्ली उघडली गेली. शालिग्राम म्हातारा होता, एका डोळ्याला भिंग लावून बसायचा. त्यानं २०३२ नंबरचा सेल काउंटरवर ठेवला आणि दुसरा डोळाही या दोघांवर लावला.

“बाजूचा खटका सरकवा,” हात मागं बांधलेला तरुण म्हणाला. “आता ओढा.”

किल्लीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली सर्रकन बाहेर आली. विनता किंचाळली. “ही इथं होती? तीन वर्षं?”

“सेल गेला की हिनं दार उघडायचं. आणि ही बटणांची किल्ली गाडीतल्या स्टार्टच्या बटणाला टेकवली की गाडी सुरू होते. म्हणजे तुम्ही अडकत नाही.”

“अडकत नाही…” तिनं ते शब्द जपून मनात ठेवले.

“आता त्या फटीत नाणं घाला. हलकं फिरवा. हलकं… हो. उघडलं!”

किल्लीचे दोन भाग झाले. मधे चांदीच्या टिकलीसारखा सेल बसला होता. विनतानं तो नखानं उचलला, नवा उचलला, आणि अडली.

“लिहिलेली बाजू वर की खाली?”

“जुना कसा होता?”

“मी पाहिलंच नाही. माझं लक्ष तुमच्या—”

“माझ्या?”

“—सांगण्याकडं होतं.”

“अच्छा,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, थंडीनंही होतात. “लिहिलेली वर. कडेनं धरा, मधे बोट नका लावू.”

“बेटा,” शालिग्राम म्हणाला, “पूरी घड़ी खोलने में इतना टाइम नहीं लगता।”

टच्च. किल्ली बंद झाली. दोघं जवळजवळ धावतच शाळेच्या भिंतीपाशी गेले. विनतानं डोळे मिटून बटण दाबलं… टुक-टुक! ती उडी मारून ओरडली. एक रिक्षावाला थांबला, त्याला वाटलं बोलावलं.

“केलं! मी केलं!”

“तुम्हीच केलं. मी साक्षीदार.” मग तो जरा घुटमळला. “माझा नंबर ठेवा. म्हणजे… काही अडलं तर.”

“अडणार नाही.”

“नाहीच अडणार. पण अडलं तर.”

गुणवंत गजभिये. रेल्वेत, सिग्नल विभागात. तिनं नाव लिहून घेतलं आणि घरी पोचेपर्यंत तीनदा उघडून पाहिलं, स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून.

जलेबी थंड झाली होती. लक्ष्मणरावांनी आपला नवा डोळा सर्वांत आधी किल्लीवर लावला.

“तू खोलली?”

“मी. स्वतः. दहा मिनिटांत.”

“आणि जुना सेल?”

“पर्समध्ये आहे, बाबा. टाकते—”

“टाकते काहून? दे इकडं.” त्यांनी तो सेल रुमालानं पुसला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. “याच्यात अजून जीव हाय.”

“घ्या,” विनताची आई कुसुमबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. “माह्या लग्नातल्या ताटांचे कागद अजून निघाले नाहीत या घरात. सेलाचं काय घेऊन बसले?”

विनताचं लक्ष नव्हतं. ती जलेबी खात होती आणि तिला एक डोळा जास्त मिटलेला दिसत होता.

आठव्या दिवशी सकाळी फाटकाशी गवतावर दव होतं, आणि किल्ली मेली होती. विनतानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. नवा सेल आठ दिवसांत संपल्याचं कळल्यावर कोणाही माणसाला येतो तसा राग तिला यायला हवा होता. ती खटका सरकवून लोखंडी किल्लीनं दार उघडत असताना गुणगुणत होती.

दुपारी गुणवंत तिच्या ऑफिसच्या फाटकाशी सेल घेऊन हजर. तिनं चार मिनिटांत बदलला. मग दोघं टपरीवर चहा प्यायला तीस मिनिटं उभे राहिले, कारण सेल नीट बसला की नाही ते पाहायला थोडा वेळ द्यावा लागतो, असं गुणवंतचं म्हणणं पडलं. तो सिग्नलमधला माणूस असल्यामुळं तिनं ते मानलं.

“तुम्ही रोज येवढी किल्ली दाबता तरी किती?”

“दोनदा. जाताना आणि येताना.”

“आणि मधे?”

“मधे कशाला दाबीन?”

“नाही, म्हणजे… कोणाची आठवण आली, सहज दाबली.”

“किल्ली दाबून आठवण भागते का?”

“मग काय दाबता?” तो भोळेपणानं म्हणाला, आणि तिला चहाचा ठसका लागला.

दहा दिवसांनी पुन्हा. या वेळी रविवार होता म्हणून ग्वारीघाटावर भेटायचं ठरलं. सेल कुठंही बदलता येतो. नर्मदेवर धुकं होतं, नावाडी शेकोटीशी बसले होते. तिनं न बघता, बोलता बोलता सेल बदलला. निघालेला सेल त्यानं आपल्या वीज मोजायच्या मीटरवर लावला आणि बराच वेळ काट्याकडं पाहत राहिला. मग मान हलवून तो तिला परत केला. लक्ष्मणरावांना जुना सेल रोख हवा असायचा.

गुणवंत सिग्नलमधला होता. बिघाड शोधणं हे त्याचं काम, आणि ते तो पद्धतशीर करायचा. नवा सेल आठ-दहा दिवसांत असा उतरत नाही. किल्ली उघडून पाहिली होती, आत ओल नाही, गंज नाही, बटण अडकलेलं नाही. म्हणजे हे काम यंत्राचं नाही, माणसाचं आहे. कोणीतरी नवा सेल काढून जुना घालतंय. आणि किल्ली कोणाकडं असते? विनताकडं. त्यानं हा निष्कर्ष शालिग्रामच्या कानावर घातला.

“ख़ुद निकालती है,” शालिग्राम भिंगातून म्हणाला. “तुझे बुलाने के लिए। और तू मीटर लगा रहा है, गधे।”

गुणवंतला त्या रात्री झोप लागली नाही. इतकी हुशार मुलगी, आणि त्याच्यासाठी एवढा खटाटोप!

तिकडं विनताच्या ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या शकुनं स्वतंत्र तपास लावला होता. सेल कोण आणतं? तोच. आणि पहिल्यानंतर तिनं एकदाही दुकानातून स्वतः विकत घेतलाय? नाही, तो घेऊच देत नाही.

“मग? उतरलेले सेल आणून देऊन राहिला तो तुला,” शकु म्हणाली. “आठ दिवस चालतील येवढेच. मोजून-मापून. विनता, माझ्या नवऱ्यानं बारा वर्षांत माझ्यासाठी येवढं डोकं नाही लावलं.”

विनतानं त्या दिवशी एका परिपत्रकात ‘तत्काल प्रभाव से’ हे शब्द चारदा लिहिले. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

अशा रीतीनं दोन शहाणी माणसं, प्रत्येकी भक्कम पुराव्यानिशी, परस्परांच्या प्रेमाबद्दल निश्चिंत झाली.

जानेवारीत मटार आला की जबलपूरच्या घरांत दुसरा विषय नसतो. वर्षभराचा मटार सोलून ठेवायचा असतो. लक्ष्मणरावांना तो पनागरचाच लागायचा, शेतावरून, स्वतः तपासून. शुक्रवारी सुट्टी होती. बापलेक गाडीनं पनागरला गेले, लक्ष्मणरावांनी एका पोत्यातल्या चाळीस शेंगा फोडून पाहिल्या, पोतं पास केलं, आणि दोघं ते गाडीपर्यंत ओढत आणून उभे राहिले.

विनतानं बटण दाबलं. काहीच नाही.

ती घाबरली नाही. तिनं सराईत बोटांनी खटका सरकवला, ओढलं… आणि रिकामी फट तिच्याकडं पाहू लागली.

“बाबा… यातली लोखंडी चाबी?”

“ते? ते घरी हाय. कपाटात.”

“कपाटात?”

“तू रोज वापरून राहिली होती ना. चरे पडले असते. नवीकोरी होती.”

लक्ष्मणराव गाडीकडं पाहत होते, आणि ती नजर विनताच्या ओळखीची होती. मापात न बसलेला नग हातात आला की ते असं पाहायचे.

“अडली,” ते म्हणाले.

“बाबा, पाच मिनिटं… मी करते ना—”

“रस्त्यात अडली, बेटा. आपलं ठरलं होतं. रविवारी भय्यासाहेबाले बोलावतो.”

पुन्हा ती बस, पुन्हा दांडीला धरून उभं राहणं, ओळखीच्या काकूंचं “काय गं, जमलं का कुठं?” हे सगळं परवडलं असतं. पण किल्लीच नसेल तर सेल कोणाचा बदलायचा? कोणत्या निमित्तानं फोन करायचा? तिनं नंबर लावला.

“पनागर,” ती एवढंच म्हणाली.

“निघालो,” तो म्हणाला. का, कशाला, काही नाही.

पंचवीस मिनिटांनी तशीच पांढरी गाडी धुरळा उडवत आली. गुणवंतनं वाकून “जय भीम, काकाजी” केलं. लक्ष्मणरावांनी “जय भीम” म्हणत त्याच्या सीटांकडं पाहिलं.

“प्लास्टिक काहून नाही?”

“काढलं, काकाजी. घेतली त्याच दिवशी.”

लक्ष्मणरावांनी घरात कोणी गेल्याचं ऐकावं तशी मान हलवली. मग ऊन लागू नये म्हणून त्याच गाडीत जाऊन बसले आणि शेंगा फोडून दाणे तोंडात टाकू लागले. सालं ते रुमालात गोळा करत होते.

विनतानं सेल बदलला. गाडी टुक-टुक बोलली. पण आता तिचं बोलणं उशिराचं होतं. दोन पांढऱ्या गाड्यांच्या मधल्या बोळात दोघं समोरासमोर उभे राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी आत काहीतरी उसळ्या मारत होतं. आज नाही तर कधीच नाही…

“रविवारी गाडी जाणार,” ती म्हणाली. “म्हणून सांगून टाकते. मला सगळं कळलंय.”

गुणवंतचा चेहरा पडायला हवा होता. तो उजळला. “मलाही.”

“केव्हापासून?”

“ग्वारीघाटापासून. तुम्हाला?”

“साधारण तेव्हाच. मला राग नाही आला.”

“राग? मला तर झोप नाही आली दोन दिवस. आनंदानं.”

“पण एवढा खटाटोप कशाला? सरळ सांगता आलं असतं ना!”

“तेच तर म्हणून राहिलो मी! सरळ सांगायचं होतं.”

“मग सांगा.”

“आधी तुम्ही.”

“मी काहून आधी?”

काच खाली झाली. “झालं का?” लक्ष्मणरावांनी विचारलं.

“दोन मिनिटं, बाबा!”

काच वर गेली. गुणवंतनं श्वास घेतला. सवयीनं त्याचे हात पाठीमागं गेले होते.

“विनता… गाडी गेली तरी, किल्ली बंद असली तरी… सेल चालू असला तरी, मला तू रोज भेटायला पाहिजे.”

“सेल चालू असला तरी?”

“तेव्हा तर नक्कीच.”

“हो,” ती म्हणाली. मग तिला ते कमी वाटलं. “हो! हो ना!” ती एवढ्यानं ओरडली की शेतातल्या दोन बायांनी डोक्यावरच्या भाऱ्यांसकट वळून पाहिलं. गुणवंतचे हात पाठीमागून सुटले. त्यानं तिच्या मुठीवर हात ठेवला. मुठीत किल्ली होती, ती दाबली गेली, आणि गाडीनं आपणहून कुलूप लावून घेतलं.

रविवारी लक्ष्मणरावांच्या व्हरांड्यात टेबल मांडलं गेलं. वर वर्तमानपत्र, त्यावर किल्ली. भय्यासाहेब बिस्किटाचा पुडा घेऊन आले होते, खिशात गाडीत लटकवायची गोंड्याची माळही होती. गुणवंत कोऱ्या शर्टात आला. शर्टाच्या घड्या मोजता येत होत्या.

“विकायच्या आधी एकदा रीतसर तपासणी,” लक्ष्मणराव म्हणाले. “नापासाले एक संधी असते. विनता, नवा सेल टाक. आमच्यासमोर. कोणी बोलायचं नाही.”

गुणवंतनं सेल टेबलावर ठेवला, हात मागं घेतले. विनतानं नाणं घातलं, फिरवलं, उचललं, लिहिलेली बाजू वर, कडेनं धरून… टच्च. दीड मिनिट. तिचा हात एकदाही चुकला नाही. आपण काय वाचवतोय ते त्या हाताला ठाऊक होतं.

लक्ष्मणरावांनी दहा पावलं मोजून बटण दाबलं. टुक-टुक. वीस पावलं. टुक-टुक. तीस पावलांवर ते भय्यासाहेबांच्या ओळीपर्यंत पोचले होते. टुक-टुक.

“पास,” ते परत येत म्हणाले. “गाडी राहील. भय्यासाहेब, चहा घ्या.”

भय्यासाहेबांनी चहा घेतला, बिस्किटं परत नेली.

“आणि तुम्ही?” लक्ष्मणराव गुणवंतकडं वळले. “सेल तर देऊन झाला.”

“काकाजी, मी… विनतासाठी आलो. म्हणजे आम्हा दोघांचं…”

कुसुमबाई पडद्याआडून बाहेर आली. लक्ष्मणरावांनी गुणवंतला खालपासून वरपर्यंत पाहिलं. किती वर्षं नोकरी? सात. बदली? इथंच. घरी कोण? आई आणि बहीण. त्यांनी विनताकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तीनदा, जास्तच जोरात.

“पास,” लक्ष्मणराव म्हणाले.

कुसुमबाईनं साखर आणली. विनताला रडू आणि हसू एकदम आलं. गुणवंत मोठ्यांच्या पाया पडायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला, कारण त्याची नजर टेबलावर गेली होती.

लक्ष्मणरावांनी किल्ली जवळ ओढली होती. फटीत नाणं घातलं, फिरवलं. किल्ली उघडली. त्यांनी आत्ताच बसवलेला नवा सेल कडेनं उचलला, रुमालानं पुसला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळला. मग वर्तमानपत्रावर पडलेला जुना सेल घेतला, त्याच्यावर फुंकर मारली आणि किल्लीत बसवला. टच्च.

“बाबा…” विनता टेबलापाशी आली. “हे काय करताय?”

“तपासणी झाली ना. नवा ठेवून देतो.” त्यांना प्रश्नच कळला नाही. “जुना पुरता संपल्याशिवाय नवा काहून वापरायचा? हाच तर सेल हाय पहिल्यापासून. जरा आराम दिला की पुन्हा आठ-दहा दिवस चालतो. दरवेळी चालतो.”

त्यांनी कपाटातून चहाचा जुना पत्र्याचा डबा आणला. आत ती लोखंडी किल्ली होती, आणि प्लास्टिकच्या चार पुड्या. प्रत्येकीवर पेननं तारीख: कमानियाची, ऑफिसच्या फाटकाची, ग्वारीघाटाची, पनागरची.

विनतानं गुणवंतकडं पाहिलं. गुणवंतनं विनताकडं.

“म्हणजे तू नाही…?”

“म्हणजे तुम्ही नाही…?”

पण साखर वाटून झाली होती, आणि कुसुमबाई त्याच्या आईला फोन लावत होती.

“संसाराले होतील,” लक्ष्मणराव म्हणाले आणि पाचवी पुडी डब्यात टाकून डबा जावयाच्या हातात दिला.

गुणवंतनं गाडीतून मीटर आणलं आणि एकेक सेल लावून पाहिला. पाचही चालू होते.